दाखल्यावरचा दाखला

प्रांताच्या सहीचा जातीचा दाखला हाती असला तरी राखीव जागेचे काम तेवढ्यावर भागत नाही. त्या दाखल्याची पडताळणी समितीकडून व्हावी लागते. लोक तिला नुसते ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. दाखल्यावर दाखला मागण्याची ही रीत कशी आली, याचा एक धागा राहात्याच्या शिवेजवळ सापडतो.

1956 च्या अनुसूचित जमातींच्या यादीत नगर जिल्ह्यातले ठाकूर फक्त अकोले, राहुरी आणि संगमनेर या तालुक्यांपुरते धरले होते. राहाता तेव्हा कोपरगाव तालुक्यात. म्हणजे संगमनेरचा ठाकूर आदिवासी आणि राहात्यात राहणारा त्याचाच भाऊबंद यादीबाहेर! हे क्षेत्रबंधन 1976 च्या कायद्याने गेले. ते जायलाच हवे होते. पण तालुक्याची शीव पुसली आणि नुसते नाव उरले. ठाकूर हे तर इतर जातींतही आडनाव. कोळी आणि महादेव कोळी, कोष्टी आणि हलबा, असे गुंते राज्यभर झाले. नामसाधर्म्यावर दावे येऊ लागले, तशा 1980 च्या दशकात सरकारने तपासणी समित्या नेमल्या.

2 सप्टेंबर 1994 रोजी माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कामाला शिस्त घालून दिली. दक्षता पथकाने घरी, गावी, शाळेत जायचे; कुलदैवत, लग्नाची रीत, मयताचे विधी विचारायचे. पुढे राज्याचा कायदा झाला, तो 18 ऑक्टोबर 2001 पासून लागू आहे. त्याच्या कलम 8 नुसार जात सिद्ध करण्याचा भार दावेदारावरच. खोटे दावे पाहता हे समजते. पण तीन पिढ्या शहरात काढलेल्या पोराला आदिवासी विधी तोंडपाठ नाहीत म्हणून खोटे ठरवणे मला कधीच पटले नाही.

न्यायालयालाही अखेर तेच म्हणावे लागले. मार्च 2023 मध्ये ठाकूर जमातीच्याच प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की कुलदैवत, विधी, रीती विचारण्याची ही ‘अ‍ॅफिनिटी टेस्ट’ निर्णायक कसोटी नव्हे. कागदपत्रांनी समितीचे समाधान झाले तर दक्षता चौकशीचीही गरज नाही. आणि कागदांत सर्वाधिक वजन संविधानापूर्वीच्या नोंदींना.

तेव्हा राहातेकरांनो, आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा पोरांच्या परीक्षेच्या निकालाची वाट न पाहता काढून ठेवा. जुनी महसुली नोंद राहात्यात मिळाली नाही तर कोपरगावचे दप्तरही धुंडाळा.