डुलूथची हवा : स्वर्ग, थट्टा आणि थर्मामीटर

१/
एखाद्या गावाची हवा ‘सुखद’ आहे, हे ठरवायचे कोणी? प्रश्न गप्पांचा वाटतो. पण दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत याच प्रश्नाभोवती सरकारी जमिनी, एक बलाढ्य पेढी आणि हजारो माणसांची पुंजी पणाला लागली होती. त्या गावाचे नाव डुलूथ. ही त्याच्या हवेची आणि त्या हवेवर निवाडा देणाऱ्यांची कथा.

२/
डुलूथ मिनेसोटा राज्यात, सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकावर वसले आहे. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून अधिक. खोली काही ठिकाणी ४०० मीटरच्या पुढे. काठालगतच टेकडी उठते आणि तिचा माथा पाण्यापासून सुमारे २५० मीटर उंच आहे. गाव या उतारावर पसरले आहे.

३/
एवढे पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. त्यामुळे मे महिन्यात टेकडीवर ऊन पडलेले असते, तेव्हा काठावर धुके आणि बोचरा वारा असू शकतो. उलट शरद ऋतूत सरोवर साठवलेली ऊब परत देते आणि काठावरचे पहिले हिमकण लांबतात. जानेवारीचे सरासरी तापमान उणे १२ अंश सेल्सियसच्या आसपास, तर जुलैचे १९ अंशांच्या. वर्षभरात दोन मीटरहून अधिक बर्फ पडतो. एकाच गावात, एकाच दिवशी, दोन माणसे हवेबद्दल दोन वेगळी मते देतील आणि दोघेही खरे बोलत असतील.

४/
या हवेचे सर्वांत जुने जाणकार म्हणजे ओजिब्वे लोक. त्यांनी हवेला गुण दिले नाहीत. ऋतूप्रमाणे मुक्काम हलवले. वसंताच्या तोंडाशी मेपलच्या झाडांचा रस काढून साखर करायची, उन्हाळ्यात काठावर मासेमारी, उन्हाळा सरता सरता उथळ पाण्यातला रानतांदूळ झोडायचा आणि हिवाळ्यात लहान गटांनी अरण्याच्या आडोशाला शिकारीसाठी जायचे. १८५४ च्या ला पॉइंट करारान्वये त्यांनी सरोवराच्या उत्तर किनाऱ्याचा विस्तीर्ण प्रदेश अमेरिकी सरकारला दिला. शिकार, मासेमारी आणि वनोपज गोळा करण्याचे हक्क मात्र राखून ठेवले.

५/
मग आला जे कुक. फिलाडेल्फियाच्या या सावकाराने यादवी युद्धात सरकारचे कर्जरोखे घरोघरी विकून कीर्ती मिळवली होती. १८७० पासून तो नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेसाठी भांडवल उभारू लागला. सुपीरियर सरोवरापासून प्रशांत महासागरापर्यंत जाणाऱ्या या मार्गासाठी सरकारने कोट्यवधी एकर जमीन देऊ केली होती. पण उत्तरेकडच्या गोठणाऱ्या मुलखात जमीन घेणार कोण? तेव्हा हवाच विकायला काढणे भाग पडले.

६/
हत्यार मिळाले ते विज्ञानाचे. सारख्या सरासरी तापमानाची ठिकाणे जोडणाऱ्या समताप रेषा अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट याने १८१७ मध्ये मांडल्या होत्या. प्रशांत किनाऱ्याच्या उबदार हवेमुळे या रेषा वायव्येकडे वर वळतात, हे खरेच. प्रचारकांनी त्या वळणाचा आधार घेऊन रेल्वेमार्गाभोवती एक सौम्य हवेचा पट्टाच रंगवला. टीकाकारांनी त्याचे बारसे केले : ‘जे कुकचा केळीपट्टा’.

७/
फसगत कुठे होते, ते पाहा. डुलूथचे वार्षिक सरासरी तापमान साडेचार अंशांच्या जवळ आहे. आइसलँडच्या रेक्याविकचेही साधारण पाच. पण रेक्याविकचा जानेवारी शून्याच्या आसपास घुटमळतो आणि जुलै बारा अंशांपुढे फारसा जात नाही. सरासरी जवळपास तीच, जगणे मात्र निराळे. रेषा खोटी नव्हती. तिच्याकडून काढलेला अर्थ खोटा होता.

८/
दुसरा निवाडा तितकाच एकांगी होता. २७ जानेवारी १८७१ रोजी केंटकीचे प्रतिनिधी जेम्स प्रॉक्टर नॉट अमेरिकी प्रतिनिधिगृहात बोलायला उठले. विषय होता सेंट क्रॉय नदीपासून सुपीरियर सरोवराकडे जाणाऱ्या एका रेल्वेला जमीन देण्याचा. नॉट यांनी डुलूथच्या वैभवाची आणि हवेची अशी उपरोधिक स्तुती केली की सभागृह हसून लोटपोट झाले. प्रस्ताव बारगळला आणि डुलूथ देशभर विनोदाचा विषय बनले. भाषणातले हसू खरे होते. पण बोलणाऱ्यासाठी तिथली हवा हे विरोधकांना नामोहरम करण्याचे साधन होते, एवढेच.

९/
१८ सप्टेंबर १८७३ रोजी जे कुकच्या पेढीचे दिवाळे निघाले. न्यूयॉर्कचा शेअर बाजार १० दिवस बंद राहिला आणि देश दीर्घ मंदीत लोटला गेला. डुलूथमधून माणसे निघून गेली. १८७७ मध्ये गावाने शहराचा दर्जाही गमावला. थंडी मात्र पूर्वीएवढीच होती. गाव ओस पडले ते पैसा आटल्यामुळे.

१०/
आणि गाव पुन्हा भरले तेही हवेमुळे नव्हे. धान्य, लाकूड आणि पुढे लोहखनिज यांच्या वाहतुकीने बंदर गजबजले. १८९० च्या जनगणनेत लोकसंख्या ३३,११५ झाली. स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडहून आलेल्या मजुरांना बर्फाचे अप्रूप नव्हते. फिनिश कुटुंबांनी सोबत ‘साउना’ आणली, म्हणजे वाफेने तापवलेली स्नानाची खोली. त्यांनी घराच्या आत आपली हवा स्वतःच घडवली.

११/
त्याच काळात आणखी एक पाहुणावर्ग येऊ लागला. परागकणांमुळे शिंका आणि डोळ्यांची आग यांनी बेजार झालेले लोक उन्हाळ्याच्या अखेरीस डुलूथला येत. सरोवरावरून येणारा वारा त्यांना दिलासा देई. पुढे हे गाव ‘वातानुकूलित शहर’ म्हणूनही मिरवले. ज्या गारव्याची संसदेत थट्टा झाली, तोच आता औषध ठरला.

१२/
पण ही स्तुतीही अर्धीच. २८ नोव्हेंबर १९०५ च्या वादळात ‘माटाफा’ हे जहाज डुलूथच्या धक्क्यापाशी येऊन फुटले. काठावर शेकोट्या पेटवून हजारो लोक रात्रभर उभे होते; लाटांमुळे मदत पोचू शकली नाही. जहाजावरचे ९ जण प्राणास मुकले. ऑगस्टमध्ये श्वास मोकळा करणारे सरोवर ते हेच.

१३/
२०१९ मध्ये डुलूथची नव्याने चर्चा झाली. तापत्या जगात गोडे पाणी आणि गारवा असलेले हे शहर स्थलांतरितांचे आश्रयस्थान होऊ शकेल, असे मत हवामान-अनुकूलनाचे अभ्यासक जेसी कीनन यांनी मांडले. मात्र २०१२ च्या जूनमध्ये याच शहरात अतिवृष्टीने रस्ते उखडले होते आणि प्राणिसंग्रहालयातली जनावरे बुडाली होती. सरोवराचे पाणीही तापते आहे आणि हिवाळी बर्फाचे आच्छादन घटते आहे.

१४/
म्हणून जुन्या कागदपत्रांत ‘उत्तम हवा’ किंवा ‘भयंकर हवा’ असे शब्द भेटले की चार गोष्टी विचाराव्यात. हे कोणत्या महिन्याबद्दल आहे? पाण्यापासून किती अंतरावरचे आहे? बोलणारा तिथे राहणारा आहे की काही विकणारा? आणि त्याच्या शब्दांवर विश्वास ठेवल्यास किंमत कोण मोजणार?

१५/
डुलूथमध्ये ती किंमत मोजली रोखे घेणाऱ्या सामान्य ठेवीदारांनी आणि स्वप्नावर विसंबून आलेल्या वसाहतकारांनी. ज्यांना त्या हवेची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण होती, त्या ओजिब्वेंचे मत मात्र ना कुकच्या जाहिरातीत आले, ना नॉट यांच्या भाषणात. उत्तर त्यांच्या दिनक्रमात होते : हवा बाराही महिने सुखद नसते, म्हणून ऋतू पाहून पाऊल उचलावे.