सातवी अनुसूची

भारतीय संविधानातील अनुसूची. संसद आणि राज्य विधानमंडळे यांच्यात कायदे करण्याचे विषय तिने वाटून दिले आहेत. आधार अनुच्छेद २४६ चा. याद्या तीन : संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची. १९५० साली त्यांत अनुक्रमे ९७, ६६ व ४७ नोंदी होत्या. पुढे काही वगळल्या गेल्या, काही ‘क’, ‘ख’ जोडून घुसवल्या गेल्या. जुने क्रमांक मात्र हलले नाहीत.

तीन याद्यांची रचना १९३५ च्या भारत सरकार कायद्यातली. यादीत न आलेल्या विषयांवरचे अधिकार, म्हणजे शेषाधिकार, कोणाचे हा प्रश्न मात्र उरतो. अमेरिकेच्या संविधानात केंद्राचेच अधिकार मोजून दिलेले आहेत; उरलेले राज्यांचे किंवा जनतेचे, असे १७९१ ची दहावी दुरुस्ती सांगते. ऑस्ट्रेलियातही (१९०१) उरलेले राज्यांकडेच. कॅनडाने (१८६७) केंद्र व प्रांत अशा दोन्ही याद्या लिहिल्या आणि शेषाधिकार केंद्राला दिले. भारतात या प्रश्नाला राजकीय धार होती. काँग्रेसला ते केंद्राकडे हवे होते, मुस्लिम लीगला प्रांतांकडे. १९३५ च्या कायद्याने ते गव्हर्नर जनरलच्या मर्जीवर सोडून वाद टाळला. फाळणी ठरल्यावर संविधानसभेने ते केंद्राच्या पदरात टाकले (अनुच्छेद २४८).

समवर्ती विषयावर संसद आणि राज्य यांच्या कायद्यांत विरोध आला तर एरवी संसदेचा कायदा टिकतो. राष्ट्रपतींची अनुमती घेतलेला राज्याचा कायदा त्या राज्यापुरता वरचढ ठरतो, पण संसद तोही नंतर बदलू शकते (अनुच्छेद २५४). राज्यसभेने हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश बहुमताने ठराव केला, तर राज्यसूचीचा दरवाजाही संसदेला तात्पुरता उघडतो (अनुच्छेद २४९). १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने तर शिक्षण, वने असे विषय राज्यांकडून काढून समवर्ती सूचीत नेले.

विषय कागदावर वेगळे काढता येतात, व्यवहारात ते एकमेकांत शिरतात. महाराष्ट्रातला ऊस घ्या. शेती राज्यसूचीत (नोंद १४), कालव्याचे पाणीही राज्यसूचीत (१७). पण नदी कृष्णेसारखी आंतरराज्य असली की संघसूचीची ५६ वी नोंद आड येते. तोडलेला ऊस काट्यावर गेला की वजनमापांचा प्रश्न : मानके ठरवणे संघाकडे (५०), बाकीचे पूर्वी राज्याकडे होते, ४२ व्या दुरुस्तीपासून समवर्ती (३३क). कारखाना सहकारी असेल तर राज्यसूची (३२), संस्थेचे कार्य एकाच राज्यापुरते नसेल तर संघसूची (४४). सहकाराविषयीची ९७ वी दुरुस्ती राज्यांतील संस्थांपुरती २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पडली. राज्यांच्या विषयाला हात घालताना निम्म्या विधानमंडळांची संमती घेतलेली नव्हती. शेतकऱ्याच्या तोंडी असलेली एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) मात्र केंद्र ठरवते, जीवनावश्यक वस्तू कायद्याखालच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये. त्यामागे समवर्ती सूचीची नोंद ३३. उत्तर प्रदेश त्याहून चढा भाव स्वतः जाहीर करते. केंद्राचा दर हा किमान असल्याने यात विरोध नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये दिला.

सर्वांत निसरडी जागा मळीची. मळीपासून मद्यार्क होतो आणि ‘मादक मद्य’ ही राज्यसूचीची आठवी नोंद आहे. मुंबई प्रांताच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यावरच्या १९५१ च्या बलसारा खटल्यात, हा कायदा केंद्राच्या आयात-निर्यातीच्या अधिकारावर अतिक्रमण करतो, असा आक्षेप होता. न्यायालयाने कायद्याचे सार व तत्त्व पाहिले : मूळ विषय दारूचा, दुसऱ्या यादीला लागलेला धक्का आनुषंगिक. (काही तरतुदी रद्द झाल्या, पण मूलभूत हक्कांच्या कारणाने.) औद्योगिक मद्यार्काचे काय, हा प्रश्न तरीही राहिलाच. तो पिण्याजोगा नाही म्हणून राज्याच्या अखत्यारीबाहेर, असे सात न्यायमूर्तींच्या पीठाने आधी ठरवले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ८ विरुद्ध १ मतांनी तो निकाल फिरवला आणि औद्योगिक मद्यार्क आठव्या नोंदीत आणला. नोंदीचे शब्द मात्र १९५० चेच आहेत.