एक गाणं, दोन आवाज आणि 500 डॉलर : 'हाउंड डॉग'ची गोष्ट

आजच्या भागाचा मजकूर खाली देतोय. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, पण जमल्यास वाचण्याआधी एक काम करा. फोनवर 'हाउंड डॉग' हे गाणं शोधा. आधी बिग मामा थॉर्नटनचं ऐका, मग एल्विस प्रेस्लीचं. क्रम उलटा करू नका हं.

ऐकलंत? मी ही दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकतो तेव्हा मला ती एकच गाणं वाटतच नाहीत.

मूळ गाणं : आयतोबाला दाखवलेलं दार

ऑगस्ट 1952, लॉस एंजेलिस. जेरी लीबर आणि माइक स्टोलर ही एकोणीस वर्षांची दोन पोरं. संगीतकार जॉनी ओटिस त्यांना एका गायिकेला ऐकायला बोलावतो. ती विली मे 'बिग मामा' थॉर्नटन. अलाबामातली, पंचविशीची, हार्मोनिका आणि ड्रम्स स्वतःच शिकलेली. तिचा दणदणीत आवाज ऐकून दोघं घरी जातात आणि काही मिनिटांत गाणं लिहून आणतात.

नावात कुत्रा असला तरी गाणं कुत्र्याबद्दल नाहीये. बाईच्या जिवावर फुकट खाणाऱ्या पुरुषाबद्दल आहे. आपल्याकडे म्हणतात ना, आयत्या बिळावर नागोबा, तोच हा. ती बाई त्याला सरळ दार दाखवते. ठेका संथ, गिटार खरखरीत, शेवटी वादक मंडळी कुत्र्यासारखी भुंकतात. थॉर्नटन गाते त्यात राग आहे आणि त्याच रागात हसूसुद्धा आहे.

1953 मध्ये हे गाणं 'रिदम अँड ब्लूज'च्या यादीत सात आठवडे पहिलं होतं. ही यादी वेगळी का? कारण कृष्णवर्णीय श्रोत्यांचं संगीत वेगळं मोजलं जायचं. 1949 पर्यंत तर त्या यादीला 'रेस रेकॉर्ड्स' असंच नाव होतं.

मधला दुवा, जो सगळे विसरतात

'एल्विसने थॉर्नटनचं गाणं चोरलं' असं वाक्य तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. मला ते अर्धवट वाटतं. मध्ये आणखी एक कव्हर आहे. 1955 मध्ये फ्रेडी बेल आणि त्याच्या बँडने शब्द बदलले, पुरुषाला दिलेले टोमणे काढून टाकले आणि गाण्याची गंमत करून टाकली. 1956 मध्ये एल्विस लास वेगासला गेला, तेव्हा त्याने हे रूप ऐकलं आणि तेच उचललं.

2 जुलै 1956 ला न्यूयॉर्कमध्ये त्याने ते रेकॉर्ड केलं. तब्बल 31 टेक झाले! ड्रम्सच्या फैरी, टाळ्या, सव्वादोन मिनिटांचा सुसाट मामला. पण त्यात बाई उरली नाही, तिचा राग उरला नाही. बदललेले शब्द लीबरलाही आवडले नव्हते. तरीही ती रेकॉर्ड अमेरिकेत अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

पैसे गेले कुठे?

खरा मुद्दा हा आहे. अमेरिकेत 1909 च्या कायद्यापासून नियम असा, की गाणं एकदा रेकॉर्ड झालं की दुसरा कोणीही ते पुन्हा गाऊ शकतो. त्या काळी प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट द्यायचे. ते मिळायचे प्रकाशकाला आणि गीतकार-संगीतकाराला. ज्या गायिकेने त्या गाण्याला पहिल्यांदा जीव दिला, तिला कव्हरमधून काहीच नाही. कायद्याच्या हिशोबात तिची हरकत, तिचा ठसका, तिची दमदार फेक बसतच नाही. थॉर्नटनच्याच सांगण्यानुसार तिला या गाण्याचे एकूण 500 डॉलर मिळाले.

पुढे तिने स्वतः 'बॉल अँड चेन' लिहिलं. तेव्हा तरी गीतकार तीच होती! 1967 च्या माँटेरी महोत्सवात ते गाऊन जॅनिस जॉप्लिन रातोरात गाजली. जॉप्लिन थॉर्नटनचं ऋण मोकळेपणाने मानायची, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. थॉर्नटन 1984 मध्ये लॉस एंजेलिसमध्येच गेली.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने एल्विसला 1986 मध्ये, पहिल्याच तुकडीत घेतलं. थॉर्नटनला घेतलं 2024 मध्ये. मध्ये 38 वर्षं गेली.

मग कव्हर वाईट का?

अजिबात नाही. एल्विसचं गाणं मलाही नाचवतं, आणि लीबर-स्टोलर या जोडीचं आयुष्य त्याने बदललं. कव्हरमुळे गाणी जगतात. पण कव्हर गाण्यासोबत मूळ गाणाऱ्याला पुढे नेतंच असं नाही. ते काम ऐकणाऱ्याला करावं लागतं.

म्हणून पुढच्या वेळी एखादं कव्हर स्टेटसला लावाल, तेव्हा मूळ आवाजाचं नावही खाली टाका. आणि हो, असं कुठलं गाणं आहे ज्याचं कव्हर तुम्ही आधी ऐकलंत आणि मूळ नंतर? मला कळवा, त्यावर एक भाग करू. भेटूच!