नमुनाग्रहण, दूरध्वनीतील

अखंड बदलत राहणाऱ्या विद्युत् संकेताची मूल्ये ठराविक कालांतराने मोजण्याच्या क्रियेस नमुनाग्रहण म्हणतात. नमुने पुरेसे दाट नसल्यास संकेतातील उच्च कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) ऐकणाऱ्याच्या टोकाला नीच कंप्रतेचे रूप घेऊन प्रकट होते. तिला छद्म कंप्रता म्हणतात. चित्रपटात वेगाने धावणाऱ्या रथाचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते, तेही याच कारणाने. कारण तेथे सेकंदास केवळ २४ चित्रे घेतलेली असतात. हा दोष टाळण्यासाठी संकेत प्रथम छानकातून, म्हणजे इष्ट कंप्रता जाऊ देऊन इतर अडविणाऱ्या विद्युत् मंडलातून नेतात. नमुनाग्रहणावर आधारलेली स्पंद-संकेत विरूपण पद्धती (पीसीएम) भारतात प्रथम १९७५ मध्ये मुंबई शहर व अंधेरी येथील दूरध्वनी केंद्रांच्या दरम्यान कार्यान्वित झाली.

इतिहास : विद्युत् छानकाचा शोध १९१५ च्या सुमारास जी. ए. कँबेल (अमेरिका) व के. व्ही. व्हाग्नर (जर्मनी) यांनी स्वतंत्रपणे लावला. तारायंत्राच्या संदेशवहनाचा विचार करताना हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये कंप्रतापट्टा व स्पंदांचा वेग यांतील संबंध दाखविला. संकेतातील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतल्यास मूळ संकेत पूर्णपणे परत मिळविता येतो, हे व्ही. ए. कोतेल्निकोव्ह (१९३३) व क्लॉड शॅनन (१९४९) यांनी संदेशवहनाच्या संदर्भात स्पष्ट केले. नमुन्यांची मूल्ये अंकांत रूपांतरित करून पाठविण्याची कल्पना ॲलेक रीव्ह्‌झ यांनी १९३७ मध्ये मांडली होती. परंतु निर्वात नलिकांच्या काळात ती फार खर्चाची ठरली. ट्रँझिस्टर प्रचारात आल्यावर १९६२ मध्ये अमेरिकेत २४ संभाषणे एकत्र वाहून नेणारी व्यापारी यंत्रणा सुरू झाली.

मुंबईत पहिले दूरध्वनी केंद्र २८ जानेवारी १८८२ रोजी सुरू झाले. महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपर यांना आणि १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंड यांना सामावून घेत वाढली. उपनगरांतील वस्तीबरोबर शहराशी होणारी संभाषणेही वाढली. जुन्या पद्धतीत दोन केंद्रांमधील प्रत्येक संभाषणास तांब्याची एक स्वतंत्र तारजोडी लागे. चर्चगेट ते अंधेरी हे लोहमार्गाने सुमारे २२ किमी. अंतर आहे, इतक्या अंतरावर नवीन केबली पुरणे म्हणजे गजबजलेले रस्ते खणणे होय. नव्या पद्धतीत जाण्यायेण्याच्या दोन तारजोड्यांवरून २४ किंवा ३० संभाषणे पाठविता येतात. मात्र मार्गात सुमारे दर १.८ किमी.वर स्पंद पुन्हा घडविणारे पुनरावर्तक बसवावे लागतात.

छानकाचे कार्य : दूरध्वनीत सेकंदास ८,००० नमुने घेतात. त्यामुळे ४,००० हर्ट्‌झपेक्षा कमी कंप्रताच अचूक पाठविता येतात. ५,००० हर्ट्‌झचा स्वर तसाच आत आला, तर त्याचे नमुने ३,००० हर्ट्‌झच्या स्वराच्या नमुन्यांसारखेच असतात. एकदा नमुने घेतल्यावर खरा स्वर कोणता व छद्म कोणता, हे कोणत्याही युक्तीने ओळखता येत नाही. म्हणून छानक आधीच असावा लागतो.

बोलण्यासाठी ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ हा पट्टा ठरविण्यात आला आहे. आदर्श छानक अस्तित्वात नसतो. तो हळूहळूच अडवू लागतो. ४,६०० हर्ट्‌झपलीकडील कंप्रता उलटून थेट या पट्ट्यात पडतात, त्यामुळे तेथवर पोहोचेपर्यंत त्या पुरेशा क्षीण झाल्या पाहिजेत. ४,००० ते ४,६०० हर्ट्‌झमधील कंप्रता ३,४०० ते ४,००० हर्ट्‌झमध्ये पडतात व ग्राही बाजूचा छानक त्यांना काढून टाकतो.

या शुद्धतेची किंमत भाषेला द्यावी लागते. ‘स’ या वर्णाची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्‌झच्या वर असते, तर ‘श’ ची त्याहून खाली असते. त्यामुळे दूरध्वनीवर ‘साल’ व ‘शाल’ यांतील भेद पुसट होतो. परंतु छानक काढून टाकल्यास ‘स’ स्पष्ट होत नाही. त्यातील ६,००० हर्ट्‌झचा अंश २,००० हर्ट्‌झचा होऊन इतर वर्णांच्या पट्ट्यात खरखर निर्माण करतो. गेलेला ध्वनी संदर्भावरून समजून घेता येतो. मिसळलेला छद्म ध्वनी मात्र वेगळा काढता येत नाही.

पुढील विकास : प्रत्येक नमुना ८ द्विमान अंकांत मांडल्यास एका संभाषणासाठी सेकंदास ६४,००० अंक होतात. भारतात रूढ झालेल्या ३० संभाषणांच्या यंत्रणेत दोन जादा कालखंड धरून हा वेग २०,४८,००० होतो. आरंभीचे छानक वेटोळी व धारित्रे यांचे बनविलेले व अवजड असत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते एकाच सिलिकॉन चकतीवर सामावू लागले. पुणे येथे १९७९ मध्ये दूरध्वनी केंद्रांदरम्यान प्रकाशीय तंतूचा मार्ग सुरू झाला आणि १९८४ मध्ये स्वदेशी अंकीय केंद्रांच्या विकासासाठी सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. विस्तृत पट्ट्याच्या आधुनिक भ्रमणध्वनीत सेकंदास १६,००० नमुने घेऊन सुमारे ७,००० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी पाठवितात. त्यामुळे ‘स’ व ‘श’ पुन्हा वेगळे ऐकू येतात. छानकाची मर्यादा दूर सरकली, तरी त्याची आवश्यकता संपलेली नाही.