पऱ्हाटीवरील फवारणी आणि शेतमजुराचे आरोग्य

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुका वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यात मोडतो आणि या पट्ट्यातील कीटकनाशकांचा इतिहास पिकाइतकाच फवारणाऱ्याच्या शरीराशी जोडलेला आहे. केरळमध्ये 1958 साली पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभराहून अधिक माणसे दगावल्यानंतर 1968 चा कीटकनाशक कायदा झाला. 2002 मध्ये बोंडअळीला मारक प्रथिन स्वतःच तयार करणारे बीटी कापसाचे वाण आल्यावर फवारण्या घटल्या, परंतु रसशोषक किडी आणि प्रतिकारक्षम झालेली गुलाबी बोंडअळी यांमुळे त्या पुन्हा वाढल्या. वऱ्हाडातीलच यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या खरिपात सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हा डोक्याएवढ्या उंच वाढलेल्या दाट पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्यांच्या अंगात श्वासावाटे आणि भिजलेल्या कपड्यांतून विष शिरत होते. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे सेंद्रिय फॉस्फरसयुक्त द्रव्ये मज्जातंतूंचे संदेश आवरणारे विकर निकामी करतात, त्यामुळे डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, लाळ गळते आणि श्वास कोंडतो. अ‍ॅट्रोपिनचा उतारा तालुक्याच्या ठिकाणी वेळेत मिळणे आणि मजुराला हातमोजे व मुखपट्टी पुरवणे यांना कापसाच्या भावाइतकेच महत्त्व दिले गेले पाहिजे.