लालबावट्याचे तीन शाहीर



सूरजागड म्हटले की आज पुष्कळांना लोहखनिजाची खाण आठवते. पण एटापल्ली तालुक्यातल्या माडिया माणसाला हे नाव सांगा, त्याला आधी ठाकूरदेव आठवेल. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इथे जत्रा भरते. गावोगावचे लोक आपापले देव घेऊन येतात आणि रात्र पडली की ढोल वाजू लागतो. रेला सुरू होतो. हातात हात गुंफून साखळी धरायची, एका बाजूने ओळ म्हणायची, दुसऱ्या बाजूने ती उचलायची. गोटुलात एकत्र गायिलेली पोरे-पोरी पुढे लग्ने होऊन निरनिराळ्या गावी पांगलेली असतात. जत्रेत त्यांची गाठ पडते आणि बघा, कुणी न सांगता जुना सूर पुन्हा जमून येतो.

एकत्र गाणारी माणसे पांगतात तेव्हा त्यांच्या गाण्याचे काय होते? आणि ती पुन्हा जमतात ती कशासाठी? आजच्या भाषणात या प्रश्नाचे उत्तर आपल्याच इतिहासातून शोधायचे आहे.

आधी थोडे जगाकडे पाहू. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातल्या चार तरुणांचे ‘बीटल्स’ नावाचे पथक होते. १९६३ नंतर दोन-तीन वर्षांत त्यांनी सारे जग वेडे केले आणि १९७० मध्ये ते फुटले. चौघे पुन्हा एकत्र येतील अशी आशा लोक दहा वर्षे करीत राहिले. पण १९८० मध्ये जॉन लेननचा खून झाला आणि ती आशा संपली. पुढे १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी लेननच्या आवाजाची जुनी फीत घेतली, तिला आपला आवाज जोडला आणि गाणे पुरे केले. स्वीडनचे ‘आबा’ हे पथक याहून सुदैवी म्हणायचे. १९७४ मध्ये ते युरोपच्या गीतस्पर्धेत पहिले आले, १९८२ मध्ये थांबले आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२१ साली, त्याच चौघांनी नवी गाणी काढली. दुसऱ्या वर्षी लंडनला त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात रंगमंचावर दिसतात त्या त्यांच्या तरुणपणीच्या प्रतिमा, यंत्राने घडविलेल्या! आपली जुनी कीर्ती डोळे भरून पाहण्याची संधी त्या चौघांना मिळाली.

आपल्याकडेही असे एक पथक होऊन गेले. त्याच्यापाशी यंत्रे नव्हती, पैसा तर नव्हताच. एक डफ, एक ढोलकी, एक तुणतुणे आणि तीन शाहीर. त्याचे नाव लालबावटा कलापथक. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर या तिघांनी ते उभे केले.

हे तिघे कोण? अण्णाभाऊंचे खरे नाव तुकाराम. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावी, मातंग समाजात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येते. शाळेत ते दीडच दिवस गेले, असे सांगतात. लहानपणी घरच्या माणसांबरोबर ते पायी मुंबईला आले, गिरणीत राबले आणि माटुंग्याच्या लेबर कँपमध्ये राहून चळवळीत पडले. नातलगाच्या तमाशाच्या फडात त्यांनी उमेदवारी केली होती, त्यामुळे लोकांना काय भावते ते त्यांना पक्के ठाऊक होते. अमर शेखांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, गाव बार्शी. मोटारीवर क्लीनर, गिरणीत कामगार, अशी कामे करीत ते वाढले. त्यांचा आवाज पहाडी. ध्वनिक्षेपक नसला तरी हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेल, अशी त्याची ख्याती होती. तिसरे दत्ता गव्हाणकर, स्वतः रचना करणारे शाहीर. यांच्याविषयी मी मागाहून बोलणार आहे, आणि ते मागाहून का, तेही सांगेन.

या पथकाला कीर्ती फार लवकर मिळाली. १९४३ मध्ये अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला होता. कुठे रशियातले ते शहर आणि कुठे परळ-लालबागच्या चाळी! पण गिरणी कामगारांनी तो पोवाडा उचलून धरला. बंगालच्या दुष्काळावर रचना झाली, मुंबईवर लावणी झाली, ‘अकलेची गोष्ट’सारखे वग झाले. गिरणीच्या दारात, चाळीच्या चौकात, शेतकऱ्यांच्या मेळाव्यात लोक या पथकाची वाट पाहू लागले.

एवढी कीर्ती कशामुळे मिळाली? शिक्षकबंधूंनी याचा जरूर विचार करावा. पहिली गोष्ट, गाणारे स्वतः राबणारे होते. भुकेवर गाणाऱ्याने भूक सोसलेली असली की ऐकणाऱ्याला ते कळते. ते सांगावे लागत नाही. दुसरी गोष्ट पोवाड्याच्या रीतीत आहे. मुख्य शाहीर कडवे म्हणतो, मागचे झीलकरी शेवटचे शब्द झेलतात, डफ ठेका धरतो. दोन कडवी झाली की समोरचा समाजच झीलकरी होतो. घरी जाताना गाणे त्याच्या तोंडी बसलेले असते. पुस्तक छापावे लागत नाही की तबकडी विकत घ्यावी लागत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे अण्णाभाऊंनी जुन्या तमाशाचा सांगाडा मोडला नाही, त्याच्या आतला जीव बदलला. तमाशाच्या आरंभी गण असतो, त्यात गणपतीला वंदन असते. अण्णाभाऊंनी तिथे मायभूमीला, श्रमिकांना आणि हुतात्म्यांना वंदन आणले. गौळण गाळली. वगातला राजा गेला आणि सावकार, कामगार, शेतकरी आले. आपल्या झाडीपट्टीत दंडार पाहणाऱ्यांना यातली मेख लगेच कळेल. ओळखीच्या घरात नवा पाहुणा आला की त्याला कुणी परका म्हणत नाही.

पण चढत्या कीर्तीबरोबर सरकारची नजरही आली. स्वातंत्र्यानंतर लवकरच कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली आणि त्या वेळच्या मुंबई सरकारने पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशा या नावावरच गदा आली, तेव्हा अण्णाभाऊंनी आपल्या खेळांना ‘लोकनाट्य’ म्हटले. आज हा शब्द आपण सहज वापरतो; त्याला रूढ करण्यात एका बंदीचाही हात आहे, हे ध्यानात असू द्या. पुढे पक्षातले मतभेद आले, पोटापाण्याचा प्रश्न होताच. पथकाची पूर्वीची सलगता उरली नाही. अण्णाभाऊ कथा-कादंबऱ्यांत रमले, अमर शेख आपल्या कार्यक्रमांत आणि कवितेत गुंतले. तिघांच्या वाटा पुष्कळशा निराळ्या झाल्या. कोणत्याही पथकाची गोष्ट इथेच संपायची.

ती संपली नाही, कारण मधे संयुक्त महाराष्ट्राचा लढा आला.

हा इतिहास थोडक्यात सांगतो. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या शरदात आला. मुंबईसह मराठी राज्य मिळत नाही, हे कळताच असंतोष पेटला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार अशी घोषणा झाली आणि पुन्हा रक्त सांडले. त्या सगळ्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता, आचार्य अत्र्यांसारखे कुणाच्याच चौकटीत न मावणारे लोक होते. एकमेकांशी न बोलणारी माणसे एका व्यासपीठावर बसली आणि त्या व्यासपीठावर आमचे तिन्ही शाहीर पुन्हा उभे राहिले.

ही पुनर्भेट कशी होती? ‘आमची जुनी गाणी ऐका’ म्हणून कुणी तिकिटे लावली नव्हती. सभा सायंकाळची, वक्ते उशिरा यायचे, तोवर समाज धरून ठेवायचा तो शाहिरांनी. वक्ता बोलून गेला की तापलेला समाज घरी पाठवायचा तोही शाहिरांनीच. लोकांना हे तीन चेहरे दहा वर्षांपूर्वीचे ओळखीचे होते. म्हणून डफावर थाप पडताच विश्वास बसे. पहिल्या काळातली कीर्ती ही जणू पेवात राखलेली ज्वारी होती. टंचाईच्या दिवशी पेव उघडले आणि गावाला पुरले.

याच काळात अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड गाजली. वरवर पाहता ती मुंबईला पोट भरायला गेलेल्या आणि बायकोला गावी ठेवून आलेल्या गड्याची आहे. पण ऐकणारा समजून चुकतो की ही मैना म्हणजे बेळगाव, कारवारसारखा, महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूखही आहे. राजकारणाचा एवढा मोठा पेच कवीने एका मजुराच्या विरहात बसवला. सीमाप्रश्नावर शेकडो भाषणे झाली. त्यातली किती आज आठवतात? ही छक्कड अजून गायिली जाते.

आता आपल्या बाजूचेही सांगितले पाहिजे. तेव्हाचा चांदा जिल्हा, ज्यात आजचा गडचिरोली जिल्हा येत असे, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. आपल्या विदर्भात वेगळ्या राज्याची मागणी करणारेही पुष्कळ होते, हे लपवण्याचे कारण नाही. तेव्हा या शाहिरांचे गाणे इथे सगळ्यांनी एकमताने डोक्यावर घेतले, असे मी म्हणणार नाही. पण ज्या राज्याचे आपण आज रहिवासी आहोत ते घडविण्यात त्यांच्या गळ्याचा वाटा आहे, एवढे तर खरे.

महाराष्ट्र झाला. अण्णाभाऊंच्या १९५९ च्या ‘फकिरा’ कादंबरीला १९६१ मध्ये राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. अमर शेखांच्या नावावर ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह आहेत. मानसन्मान झाला, पण अण्णाभाऊंच्या घरातले दारिद्र्य काही हटले नाही. आणि मग १९६९ चा पावसाळा आला. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, वय अवघे अठ्ठेचाळीस. २९ ऑगस्टला अमर शेख मोटार अपघातात गेले. अडीच महिन्यांत व्यासपीठ रिकामे झाले.

जुने सोबती म्हातारपणी एकत्र बसले आहेत, कुणी विचारतो आहे, आणि ते पहिल्या दिवसांच्या आठवणी सांगताहेत, हसताहेत, एकमेकांना दुरुस्त करताहेत, असा प्रसंग या तिघांच्या वाट्याला आला नाही. लंडनमध्ये चाळीस वर्षांनी जे जमले ते इथे जमायचे राहून गेले. त्यांच्या वतीने मागे वळून पाहण्याचे काम आपल्याकडे आले.

आणि ते काम आपण कसे केले? इथे गव्हाणकरांची गोष्ट येते. अण्णाभाऊंचे टपाल तिकीट २००२ मध्ये निघाले, गावोगावी पुतळे उभे राहिले. ते योग्यच झाले. अमर शेखांचे नाव शाहिरीच्या प्रत्येक पुस्तकात असते. पण वर्गात मुलांना विचारा, लालबावटा पथकातले तिघे कोण? दोन नावे येतील, तिसऱ्याला मुले छताकडे पाहतील. मीदेखील आज दोघांविषयी भरभरून बोललो आणि गव्हाणकरांना एका वाक्यात आटोपले. ते मागाहून आले याचे कारण हेच. आपली पुस्तकेही तसेच करतात. मग मागे उभे राहून झील धरणारे, ढोलकी वाजवणारे, डफ शेकून ताणून ठेवणारे, त्यांची नावे कुणी विचारायची? पथक म्हणून जे गाजले त्यातली एक-दोन माणसेच आपण आठवणीत ठेवली. पोवाडा काही एकट्याने होत नाही. झील नसेल तर शाहिराला दम घ्यायलाही फुरसत मिळत नाही.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती आहे. तुमच्या गावात एके काळी गाजलेले एखादे भजनी मंडळ असेल, दंडारीचा संच असेल, रेला गाणाऱ्या बायांचा मेळ असेल. त्यातली माणसे अजून हयात आहेत तोवर त्यांना एकदा शाळेत बोलवा, सगळ्यांना मिळून. गाणे तर लिहून घ्याच. पण प्रत्येकाला एवढे जरूर विचारा, ‘गाताना तुमच्या शेजारी कोण उभं असायचं?’ मिळेल ते नाव वहीत लिहा. जो आज नाही त्याचे नाव शेजारचा सांगेल. इतिहासाची पुष्कळशी पाने अशा शेजाऱ्यांच्याच तोंडी शिल्लक असतात.

सूरजागडच्या जत्रेत साखळी धरली जाते तेव्हा पहिला हात कुणाचा आणि शेवटचा कुणाचा, हे कुणी मोजीत नाही. मधला एक हात सुटला तर मात्र सगळ्यांना कळते, कारण पाऊल चुकते. लालबावट्याच्या साखळीतला एक हात आपल्याकडून सुटला आहे. तो दत्ता गव्हाणकरांचा. उद्या वर्गात हा धडा आला तर तिसरे नावही सांगा.