सातशे वजा सहाशे

दिवाळीला शहागंजातल्या जुन्या घरी गेलो की माझ्या वाट्याला दोन कामं येतात. माळ्यावरचा पसारा खाली काढायचा, आणि घरात जे कोणी इंजिनिअरिंगला असेल त्याची शिकवणी घ्यायची. गेल्या दिवाळीत ही दोन्ही कामं एकाच दुपारी अंगावर आली.

आत्तेबहीण पहिल्या वर्षाला आहे आणि तिला जावा शिकायची होती. मी पुण्यात सहा वर्षं जावातच कोड लिहितोय, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. सुरुवात जिथून सगळेच करतात तिथूनच केली, म्हणजे डेटा टाइपपासून. जावात मूळचे आठ टाइप आहेत. पूर्णांकांसाठी बाइट, शॉर्ट, इंट आणि लाँग, अपूर्णांकांसाठी फ्लोट आणि डबल, एका अक्षरासाठी कॅर, हो-नाहीसाठी बूलियन. तिनं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "दादा, पण आकडा तो आकडा ना? सातशे म्हणजे सातशे. आधी टाइप कशाला सांगायचा?"

मला कॉलेजात मिळालेलं उत्तरच मी तिला दिलं. मेमरी म्हणजे डबे, कुठल्या मापाचा डबा लागेल ते आधी सांगावं लागतं. इंटचा डबा ३२ बिटांचा, त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात. त्यापुढे एक जरी मिळवला तरी आकडा गोल फिरून थेट उणेमध्ये जातो. उत्तर बरोबर होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तासाभरानं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडलं.

पेटीत पणजोबांच्या दुकानाच्या वह्या होत्या. शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर त्यांचं कापडाचं छोटं दुकान होतं. लाल कापडाच्या बांधणीच्या, लांबट, अर्ध्या मोडीत आणि अर्ध्या बाळबोधीत लिहिलेल्या वह्या. त्यातल्या एकीबद्दल मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, कारण आमच्या घरातलं सगळ्यात जुनं भांडण तिच्यात आहे. रझाकारांच्या धामधुमीत पणजोबांचे चुलतभाऊ बायकामुलांसह गाव सोडून जळगावला गेले. जाताना पणजोबांकडून सातशे रुपये घेतले, पुढे सहाशेच परत केले. "शंभर खाल्ले," असं आमच्याकडे म्हणतात. त्या घराशी येणंजाणं तुटलं ते तुटलंच. लग्नाच्या पत्रिकासुद्धा जात नाहीत.

पान सापडलं. देण्याची तारीख १३५७ सालची. बहीण हसली, "दादा, १३५७? शिवाजी महाराजांच्याही आधी?" हा पहिला धडा. ते साल फसली होतं. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सरकारी कामकाज फसली सनानं चालायचं आणि औरंगाबाद १९४८पर्यंत त्याच संस्थानात होतं. फसलीत ५९० मिळवले की ऑक्टोबरच्या आसपास सुरू होणारं इसवी साल मिळतं. म्हणजे १३५७ हे १९४७-४८. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबादचं सैन्य शरण आलं, त्याच्या आधीचे काही महिने.

साल कळलं. पण मोडीतला मजकूर मला येत नव्हता. मोडी शिकलेल्या एका मित्राला फोटो पाठवले. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: "सातशेपुढे 'हाली' लिहिलंय. परत आलेल्या तिन्ही रकमांपुढे 'क.' आहे. कलदार असणार."

मी मोबाइल खाली ठेवला आणि मनातल्या मनात सातानं भागून सहानं गुणलं.

ही भानगड समजायला त्या काळातल्या शहागंजच्या बाजारात जावं लागेल. ब्रिटिश हिंदुस्थानात चालायचा तो सरकारी टांकसाळीतला रुपया म्हणजे कलदार. निजामाच्या राज्यात चालायचा तो हाली सिक्का. हाली म्हणजे 'सध्याचा', 'चालू'. विसाव्या शतकात त्यावर चारमिनारचं चित्र होतं. १९१८पासून संस्थानानं स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या. दोन्हींचं नाव रुपयाच. दोन्ही सोळा आण्यांचे, आणि आणा बारा पैंचा. पण हालीत चांदी साधारण सातव्या हिश्शानं कमी. म्हणून भाव ठरला तो सात हालीला सहा कलदार.

औरंगाबाद हे संस्थानाचं सरहद्दीकडचं शहर. पश्चिमेला रेल्वेनं मनमाड गाठलं की ब्रिटिश मुलूख सुरू. उत्तरेला खानदेशात उतरलं तरी तेच. मुंबईचं कापड घ्यायचं कलदारात आणि शहागंजात विकायचं हालीत. त्यामुळे अशा दुकानदाराच्या डोक्यात दोन रुपये शेजारी शेजारी असायचे आणि नुसतं 'सातशे' लिहून भागायचं नाही. पुढे 'हाली' की 'कलदार' ते लिहावंच लागायचं.

बहिणीला हवं होतं ते उत्तर हेच. टाइप म्हणजे नुसतं डब्याचं माप नसतं. आकडा कशाचा आहे आणि त्याच्याबरोबर काय केलेलं चालेल, हेही टाइप सांगतो.

आता गंमत बघा. जावात मी 'हाली' नावाचं इंट व्हेरिएबल केलं, त्यात सातशे टाकले, 'कलदार' नावाच्या इंटात सहाशे टाकले आणि वजाबाकी केली, तर जावा मुकाट्यानं शंभर देईल. तिच्या दृष्टीनं दोन्ही इंटच. व्हेरिएबलचं नाव माणसाला कळतं, कंपाइलरला त्याचा अर्थ कळत नाही. मूळचे आठ टाइप इथे अपुरे पडतात आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेची खरी गरज इथे सुरू होते. तिथे तुम्ही स्वतःचा टाइप बनवता, त्याला क्लास म्हणतात. 'हाली' हा एक क्लास, 'कलदार' हा दुसरा. आत आकडा असतो, पण तो बाहेरून कुणाला परस्पर हात लावता येत नाही. कलदारातून कलदारच वजा होईल. हाली वजा करायला गेलात तर प्रोग्रॅम चालायच्या आधीच कंपाइलर अडवेल आणि आधी बदलून आणा म्हणेल. हे बदलून देणं, म्हणजे सातास सहाचा हिशेब, त्या क्लासच्याच पोटात लिहिलेलं असतं.

ही कल्पना नॉर्वेतली. ओस्लोमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी १९६०च्या दशकात सिम्युला नावाची भाषा बनवली. त्यांना खऱ्या जगातल्या व्यवहारांची नक्कल कॉम्प्युटरवर करायची होती. तेव्हा त्यांनी माहिती आणि तिच्यावर चालणाऱ्या क्रिया एकाच गाठोड्यात बांधल्या. सिम्युला ६७मधल्या याच क्लास आणि ऑब्जेक्टवरून पुढे सी प्लस प्लस आली, आणि १९९५मध्ये जावा. शहागंजातल्या दुकानदाराला हे माहीत असायचं कारण नव्हतं. पण रकमेपुढे 'हाली' किंवा 'क.' लिहिण्याची शिस्त त्याच जातीची होती, फक्त कंपाइलरचं काम माणूस करायचा.

निजामाच्या सरकारी हिशेबांत हा भाव एका ठराविक पद्धतीनं लिहिलेला असतो: १०० कलदार बरोबर ११६ रुपये, १० आणे, ८ पै हाली. कॅल्क्युलेटरवर १०० गुणिले ७ भागिले ६ करा. ११६.६६६६६ येतं आणि सहा संपत नाहीत. पण आणे-पैत तो हिशेब काटेकोर सुटतो. रुपयाच्या पै १९२, आणि १९२ला तिनानं भाग जातो. दोन तृतीयांश रुपया म्हणजे बरोबर १२८ पै, म्हणजे दहा आणे आठ पै. एक पैही इकडेतिकडे नाही. जी रक्कम आपल्या दशमान पद्धतीत कधीच पुरी लिहिता येत नाही, ती त्या 'किचकट' पद्धतीत तीन आकड्यांत संपते.

कॉम्प्युटरची अडचण याच प्रकारची आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी बिलांच्या रकमा डबलमध्ये ठेवल्या होत्या. महिनाअखेर बेरीज काही पैशांनी चुकली आणि मी दोन रात्री बग शोधत बसलो. जावाला ०.१ अधिक ०.२ किती विचारलं तर ती ०.३०००००००००००००००४ सांगते, कारण डबल दोनाच्या पटीत विचार करतो. अर्धा, पाव, अष्टमांश, सोळांश हे त्याला नेमके कळतात. दशांश कळत नाही. तो त्याच्यासाठी आपल्या ०.६६६६सारखा न संपणारा आहे.

आता सोळांश रुपया म्हणजे काय? एक आणा! जुना पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग, तोही डबलमध्ये नेमका बसतो. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेल्या, उभ्या रेघेनं चार आणे आणि दोन रेघांनी आठ आणे लिहिणाऱ्या माझ्या पणजोबांचे आणे मी डबलमध्ये ठेवले असते, तर बेरीज चुकली नसती. आपले दहा पैसे ठेवले की चुकते. म्हणून पैशांसाठी जावात बिगडेसिमल नावाचा क्लास वापरतात. तो दशमान आकडे जसेच्या तसे सांभाळतो आणि भागाकार संपत नसेल तर कसं पूर्ण करायचं ते तुम्हालाच विचारतो.

तो प्रश्न आपल्या सरकारलाही पडला होता. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नये पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पण सव्वा पैशाचं नाणं कुठून आणणार? मग तक्ता निघाला: एका आण्याला ६, दोनला १२, तीनला १९, चारला २५. दोन आण्यांचे खरे होतात साडेबारा, सहा आण्यांचे साडेसदतीस. तक्त्यात १२ आणि ३७. म्हणजे बरोबर अर्धा आला की खाली ओढायचा. जावात या नियमाला हाफ डाउन असं नाव आहे. एक-एक आणा चार वेळा वेगळा बदलला तर चोवीस मिळणार, पावलीच्या हिशेबानं एकदम बदलला तर पंचवीस. बहिणीनं हे ऐकून विचारलं, "मग तो एक पैसा कुणाकडे गेला?" बिलांच्या बगच्या वेळी मलाही हाच प्रश्न विचारला गेला होता.

टाइप न लिहिल्याची किंमत मोठमोठ्यांनी मोजली आहे. २३ सप्टेंबर १९९९ला नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोहोचताच नाहीसं झालं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर धक्क्याचं माप पाउंडात देत होतं, घेणारं ते न्यूटनमध्ये समजत होतं. आकडा दोघांचा एकच, अर्थात जवळपास साडेचार पटींचा फरक. त्या आकड्यापुढे 'हाली' लिहिलेलं नव्हतं.

आमच्या वहीत तर लिहिलेलं होतं. मग शंभरची बाकी आली कुठून? मी ते पान पुन्हा पाहिलं. परत आलेल्या रकमा १९४९-५०च्या: दोनशे, अडीचशे, दीडशे, आणि प्रत्येकीपुढे 'क.'. इथपर्यंत पणजोबांचं अक्षर. त्याखाली वेगळ्या शाईत, बाळबोधीत, माझ्या आजोबांच्या ओळखीच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय: '७०० – ६०० = बाकी १००'. तारीख १९६२ची. पणजोबा गेल्यानंतर दुकानाची वाटणी झाली ते वर्ष.

१९५०नंतर भारतीय रुपया इथे मुख्य झाला. हाली काही वर्षं सोबत चालला आणि १९५९पर्यंत व्यवहारातून गेला. १९६२ला माझ्या आजोबांच्या खिशात एकच रुपया होता. 'हाली' आणि 'क.' ही त्यांच्या लेखी वडिलांच्या मोडीतली कसलीतरी खूण असणार. त्यांनी दोन आकडे घेतले आणि वजा केले. सातशे हाली म्हणजे बरोबर सहाशे कलदार. जळगावच्या घरानं पै न पै फेडली होती, आणि वडिलांनी बाकी मांडलीच नव्हती, कारण बाकी नव्हतीच.

आजोबांनी लबाडी केली असं मला वाटत नाही. सगळ्यांना एकच रुपया माहीत असला की 'कुठला रुपया' हे कुणी विचारत नाही. माझ्या कोडमध्येही मी 'अमाउंट' लिहून सोडून दिलं होतं, कारण तेव्हा आमच्या टीमला त्याचा अर्थ माहीत होता. टीम बदलते, वही राहते.

रात्री मी आजीला कागदावर हिशेब करून दाखवला. ती नव्वदीला टेकली आहे, पण सातास सहा तिला अजून पाठ आहे. तिनं कागद बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाली, "खरंय तुझं. फिटलं होतं." थोड्या वेळानं म्हणाली, "पण ते गेले तेव्हा तुझे पणजोबा मागं एकटे राहिले रे. भांडण त्याचंही होतं. शंभर रुपये सांगायला सोपे पडले."

याला माझ्याकडे क्लास नव्हता.

दुसऱ्या दिवशी आत्यानं कुठून कुठून विचारत जळगावचा नंबर मिळवला. फोन आजीनंच लावला. पलीकडे त्या घरची सून होती. आपण कोण ते सांगण्यातच आजीची पाच मिनिटं गेली. सातशेचा विषय तिनं काढलाच नाही. बहिणीचं साखरपुड्याचं बघतोय, जमलं तर पत्रिका पाठवते, एवढंच म्हणाली. बहीण खुर्चीत बसल्या बसल्या हातानं 'मी कुठे?' असं विचारत होती.

ती वही आता माझ्याकडे आहे. १९६२च्या त्या ओळीखाली पेन्सिलीनं एक ओळ लिहावी की नाही, हे अजून ठरत नाहीये. लिहिली तर दोन्ही आकड्यांपुढे टाइप लिहीन.